नदी वर, घर खाली: इंग्लंडच्या फेन्समधली गावं आणि तिथलं बालपण

पूर्व इंग्लंडमधल्या फेन्स या सपाट प्रदेशात नदी बघायची तर चढून जावं लागतं. घरामागे गवताने झाकलेला उंच बांध असतो. तो चढलं की वर पाणी. त्या पाण्यातून होडी चालली असेल, तर खाली परसात उभ्या असलेल्या मुलाला ती आपल्या डोक्याच्याही वरून जाताना दिसते. इथे वाढलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींत हे दृश्य पुन्हा पुन्हा येतं आणि त्यात कल्पनेचा भाग काही नाही. नदी खरोखरच वर आहे, शेतं खाली आहेत आणि त्यातली काही तर समुद्राच्या पातळीच्याही खाली आहेत. हे असं का झालं ते कळलं की या गावांचा चारशे वर्षांचा इतिहास उलगडत जातो. तो समजून घ्यायला सरकारी दप्तराइतकाच लहानपणच्या आठवणींचा उपयोग होतो, असं मला ठामपणे वाटतं. कारण इथली जमीन एका माणसाच्या हयातीत बदलते. आजोबांनी नांगरलेलं शेत आणि नातवाने नांगरलेलं शेत एकाच जागी असतं, पण एकाच उंचीवर नसतं.

आधी जागा कुठली ते पाहू. केंब्रिज शहर मागे टाकून उत्तरेला निघालं की केंब्रिजशर, लिंकनशर आणि नॉरफोक या काउंट्यांमध्ये मिळून सुमारे ३,९०० चौरस किलोमीटरचा हा सखल मुलूख पसरलेला आहे. विदम, वेलंड, नेन आणि ग्रेट ऊझ या चार नद्या मध्य इंग्लंडचं पाणी घेऊन इथे येतात आणि वॉश नावाच्या उथळ आखातात उत्तर समुद्राला मिळतात. उतार जवळजवळ नाहीच. त्यामुळे पूर्वी नद्या इथे आल्या की रेंगाळायच्या, पात्र सोडून पसरायच्या आणि हिवाळाभर मैलोन्‌मैल पाणी साचून राहायचं.

समुद्राजवळची जमीन सगळ्यात सखल असेल, असं आपण धरून चालतो. इथे उलटं आहे. भरतीच्या पाण्याने हजारो वर्षं आणून टाकलेला गाळ किनाऱ्याजवळ साचला आणि तो पट्टा उंच झाला. त्याच्या मागे, आतल्या बाजूला, गोडं पाणी अडून राहिलं. त्या पाण्यात बोरू, लव्हाळी आणि शेवाळ वाढत गेलं, मरत गेलं, आणि हवा न मिळाल्यामुळे पुरतं कुजलंच नाही. त्याचे थरावर थर बसून काळं, मऊ पीट तयार झालं. कोळशाचे प्रकार शिकताना शाळेत आपण ज्याचं नाव पाठ करतो, तेच हे पीट. म्हणजे एका फेन्समध्ये दोन मुलूख आहेत: किनाऱ्याकडचा गाळाचा आणि आतला पीटचा. दोघांचा इतिहास वेगळा, गावं वेगळी आणि तिथलं बालपणही वेगळं.

गाळाच्या पट्ट्यातली गावं जुनी आणि एके काळी चांगली सधन. पश्चिम नॉरफोकमधल्या ज्या भागाला मार्शलँड असंच नाव आहे, तिथली टेरिंग्टन सेंट क्लेमेंट किंवा वॉलपोल सेंट पीटर ही गावं पाहिली तर चर्चच्या आकाराने माणूस थबकतो. एवढ्याशा गावात एवढं मोठं चर्च कशाला? उत्तर मेंढ्यांमध्ये, मिठात आणि सामाईक कुरणात आहे. टिल्नी स्मीथ नावाचं एक विस्तीर्ण गायरान होतं. त्यावर आसपासच्या सात गावांचा चराईचा हक्क होता. या गायरानाची गोष्ट तिथली मुलं पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आली आहेत. टॉम हिकथ्रिफ्ट नावाचा एक दांडगा गडी, बिअरची पिंपं लादलेली गाडी घेऊन लिनहून (म्हणजे किंग्ज लिनहून) विस्बीचला निघालेला. वाटेत एक राक्षस गायरान अडवून बसलेला. टॉमने गाडीचा कणा काढून सोटा केला, चाक काढून ढाल केली, राक्षसाला मारलं आणि गायरान सगळ्यांना मोकळं झालं. टिल्नी ऑल सेंट्सच्या चर्चच्या आवारात त्याचं थडगं म्हणून एक लांबलचक दगड दाखवतात. सतराव्या शतकात ही कथा लिहून ठेवली गेली तेव्हा त्यात राक्षस नव्हता. भांडण होतं ते कुरणाच्या हद्दीवरून, जमीनमालक आणि गावकरी यांच्यातलं. मुलांच्या गोष्टीत मालकाचा राक्षस झाला. स्थानिक इतिहास वाचताना मी अशा गोष्टी बाजूला सारत नाही, कारण कुरण कुणाचं हा प्रश्न गावाच्या मनात किती खोल रुतला होता, ते त्यांतूनच कळतं.

आतला पीटचा मुलूख मात्र राहायला कठीण. वस्ती व्हायची ती चिकणमातीच्या उंचवट्यांवर, जे पावसाळी दिवसांत खरोखरीची बेटं व्हायचे. त्यातलं सर्वात मोठं ईली. जेमतेम पंचवीस मीटर उंचीचा हा उंचवटा, पण भोवती सगळं सपाट असल्यामुळे त्याच्यावरचं कॅथीड्रल कित्येक मैलांवरून दिसतं. १०७०-७१ मध्ये नॉर्मन राजा विल्यमच्या विरोधात हेरवर्ड आणि त्याचे साथीदार याच बेटावर तळ ठोकून होते, कारण दलदलीतून फौज नेणं सोपं नव्हतं. इथल्या लोकांचं पोट पाण्यावर चालायचं. विलोच्या काटक्यांचे लांबट सापळे विणून वाम मासे धरायचे, रानबदकं मारायची, छपरासाठी बोरू कापायचा आणि पीटचे विटेएवढे तुकडे कापून, वाळवून चुलीत जाळायचे. १०८६ साली राजाने केलेल्या मोजणीत इथल्या गावांचा सारा वामांच्या संख्येत नोंदवलेला सापडतो, तोही हजारांनी. ज्यांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती, त्यांनाही या दलदलीत मासा, जळण आणि गवत मिळत होतं, हे पुढचं समजायला फार महत्त्वाचं आहे.

कारण १६३० साली बेडफर्डचा चौथा अर्ल फ्रान्सिस रसेल याने ही दलदल उपसून कोरडी करायचा करार केला. त्याच्यासोबत पैसे घालणारे तेरा भागीदार होते. मोबदला ठरला ९५,००० एकर जमीन, त्यातला एक हिस्सा राजाचा. कामासाठी नेदरलँड्सचा अभियंता कॉर्नेलियस व्हर्मुयडेन आला. त्याचा विचार सरळ होता. वळणं घेत रेंगाळणारी नदी समुद्रापर्यंत लवकर पोचवायची तर तिला आखूड, सरळ वाट खणून द्यायची. १६३७ पर्यंत ग्रेट ऊझसाठी चौतीसएक किलोमीटर लांबीचा सरळसोट कालवा झाला. मधे यादवी युद्ध झालं, काम थांबलं. मग १६५१ मध्ये त्याला समांतर दुसरा कालवा खणला गेला आणि डेन्व्हर इथे भरतीचं पाणी अडवणारे दरवाजे बसले. डनबारच्या लढाईत पकडलेल्या स्कॉटिश कैद्यांना या खोदकामावर जुंपलं होतं. दोन कालव्यांच्या मधली पट्टी मुद्दाम मोकळी ठेवली, म्हणजे पूर आला की जादा पाणी तिथे पसरावं. ती पट्टी आजही दर हिवाळ्यात पाण्याखाली जाते आणि आइसलँड व उत्तर रशियातून आलेले हंस तिथे मुक्काम करतात.

ज्यांचं पोट दलदलीवर होतं त्यांनी हे निमूट सोसलं नाही. बांध फोडले, चर बुजवले. १६३८ मध्ये लिटलपोर्टजवळ फुटबॉलच्या सामन्याचं निमित्त सांगून माणसं जमवली गेली, ती खरं तर चर बुजवायला. या लोकांना पुढे फेन टायगर असं नाव पडलं. उपसा झाला तो देशाच्या भल्यासाठी, असं आजही बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. धान्य वाढलं हे खरंच आहे. पण वाम आणि बोरू ज्यांचा होता त्यांना त्या ९५,००० एकरांतलं काय मिळालं, हे विचारल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही.

आता नदी वर कशी गेली त्याकडे येऊ. खरं तर नदी वर गेलेली नाही, जमीन खाली गेली आहे. पीट म्हणजे अर्धवट कुजलेला पाला आणि पाणी. पाणी काढून घेतलं की ते आक्रसतं. शिवाय आता त्याला हवा मिळते, त्यामुळे हजारो वर्षं थांबलेलं कुजणं पुन्हा सुरू होतं. शेणखताचा खड्डा काठोकाठ भरला तरी काही महिन्यांत खाली बसतो, तसंच हे, फक्त शेकडो चौरस मैलांवर. त्यातला कार्बन वायू होऊन हवेत जातो. उरलेली कोरडी भुकटी वसंत ऋतूतल्या वाऱ्यात उडते. त्या काळ्या वावटळींना तिथे फेन ब्लो म्हणतात, आणि त्यात पेरलेलं बीसुद्धा उडून जातं. नदीचं पात्र मात्र गाळाचं, आणि बांध माणसं सतत चिकणमाती घालून उंच करत राहिली. त्यामुळे नदी होती तिथेच राहिली आणि दोन्ही बाजूंची शेतं खचत गेली.

यातून असं एक चक्र सुरू झालं की त्यातून आजवर सुटका नाही. शेत खाली गेलं की चरातलं पाणी आपोआप नदीत पडेना, म्हणून अठराव्या शतकात शेकडो पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्या पाणी उचलून वर टाकायच्या. पाणी उपसलं गेलं, शेत आणखी खचलं, पवनचक्की अपुरी पडली. मग वाफेची इंजिनं आली. १८३१ साली बसवलेलं असं एक इंजिन स्ट्रेटहम इथे आजही जागेवर उभं आहे. त्याच्यानंतर डिझेलचे पंप आले, त्यांच्यानंतर विजेचे. किंग्ज लिनजवळच्या सेंट जर्मन्सच्या पंपघरात सेकंदाला सुमारे शंभर घनमीटर पाणी उचलायची ताकद आहे. दर नव्या यंत्राने शेती वाचवली, आणि त्याच यंत्राने पुढच्या पिढीला आणखी मोठं यंत्र लागेल अशी वेळ आणली.

खचण्याचं माप कुणी घेतलं का? घेतलं, आणि फार विचारपूर्वक. पीटरबरोच्या दक्षिणेला व्हिटलसी मिअर नावाचं मोठं तळं होतं. १८५१ मध्ये लंडनच्या भव्य प्रदर्शनात गाजलेला ॲपोल्डचा नवा पंप लावून ते उपसलं गेलं. तळाच्या गाळात रॅमसीच्या मठातलं चांदीचं धूपपात्र सापडलं. ते आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. जमीन किती बसेल याचा अंदाज घेण्यासाठी त्या सुमारास जवळच्या होल्म फेनमध्ये एक बिडाचा खांब पीटमधून खालच्या घट्ट चिकणमातीपर्यंत उतरवला. त्याचं डोकं तेव्हा जमिनीशी अगदी सपाट होतं. पहिल्या काही वर्षांत तो भराभर उघडा पडला, नंतर सावकाश. आज त्याच्याजवळ उभं राहिलं तर वर पाहण्यासाठी मान मागे टाकावी लागते: खांब चारएक मीटर बाहेर आहे, म्हणजे उंच माणसाच्या दुपटीहून जास्त. खांब हललेला नाही. १८५१ साली जिथे पाय टेकत होते ती पातळी त्याच्या टोकाला आहे, आणि आपण उभे आहोत ती जागा समुद्रसपाटीच्या पावणेतीन मीटर खाली. ग्रेट ब्रिटनमधली ही सर्वात सखल जमीन.

असा खांब प्रत्येक गावात नाही. तिथे आठवणी उपयोगी पडतात. ईलीजवळचं प्रिकविलो हे गाव ग्रेट ऊझच्या जुन्या पात्रावर वसलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात नदी दुसरीकडे वळवली गेली. जुन्या पात्राचा गाळ खचत नाही, म्हणून तो शेतांच्या वर उंचवट्यासारखा राहिला आणि त्यावर घरं झाली. पण घराचा एक कोपरा गाळावर आणि दुसरा पीटवर आला तर घर कलतं. दाराला पायऱ्या नव्हत्या तिथे एक पायरी आली, मग आणखी एक. कुणी म्हातारी बाई सांगते की, मी लहान असताना या दारातून थेट अंगणात पाऊल पडायचं. हे वाक्य म्हणजे नुसती हळहळ समजू नये. त्यात वर्ष आहे, जागा आहे आणि उंचीतला फरक आहे. पायऱ्या मोजल्या की झाली नोंद.

पण फेन्समधल्या बालपणाबद्दल लिहायचं आणि नुसत्या कलत्या घरांवर थांबायचं, हे बरोबर होणार नाही. दलदलीत हिवताप होता. थंडी वाजून ठरावीक दिवसांनी येणारा हा ताप इंग्लंडच्या पाणथळ भागात शतकानुशतकं होता आणि तो पसरवणारे ॲनोफिलीस डासही तिथलेच. त्यावर घरगुती इलाज म्हणजे अफू. परसात पांढरी खसखस लावलेली असायची आणि तिच्या बोंडांचा काढा मोठी माणसं तर पीतच, रडणाऱ्या तान्ह्या बाळांनाही पाजत. बाजारच्या दिवशी दुकानातून अफूच्या गोळ्या आणायच्या हेही नित्याचं होतं. १८६८ च्या कायद्याने त्या विक्रीवर पहिली बंधनं आली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर असं लक्षात आलं की, या शेतीच्या मुलखात तान्ह्या मुलांचे मृत्यू कारखान्यांच्या गजबजलेल्या शहरांच्या तोडीचे आहेत. सगळ्यांचा समज होता की हिवतापच कारण असणार. सरकारने डॉ. हेन्री ज्युलियन हंटर यांना चौकशीसाठी पाठवलं आणि १८६४ साली त्यांचा अहवाल आला. या सगळ्या इतिहासात मला सर्वात जास्त अस्वस्थ करणारा कागद हाच आहे. हंटर यांना दिसलं ते असं: ज्या उपशामुळे हिवताप मागे हटला, त्याच उपशामुळे मुलं मरू लागली होती. दलदलीच्या जागी काळी, सुपीक शेतं आली. पण नव्या शेतांच्या जवळ गावं नव्हती, मजूर नव्हते. म्हणून मुकादम बायका, मुलं आणि पोरसवदा गडी यांच्या टोळ्या बांधून मैलोन्‌मैल चालवत न्यायचे: खुरपणी, दगड वेचणं, खत पसरणं, बटाटे काढणं. आई पहाटे टोळीबरोबर गेली की तान्हं बाळ एखाद्या म्हातारीच्या ताब्यात. ते दिवसभर शांत राहावं म्हणून अफूचं औषध. पोटात दूध नाही आणि वर गुंगी. बाळं सुकत जायची.

जी जगायची, ती सहा-सात वर्षांची झाली की स्वतःच टोळीत. १८६७ च्या टोळी कायद्याने आठ वर्षांखालच्या मुलांना टोळीत घ्यायला मनाई केली, पुरुष आणि बायकांच्या टोळ्या वेगळ्या केल्या आणि मुकादमाला परवाना सक्तीचा केला. आठ वर्षं! कायदा सुधारणेचा होता, हे ध्यानात घेतलं म्हणजे त्याआधी काय चालत असेल ते कळतं. दहा वर्षांपर्यंत शाळा सक्तीची व्हायला १८८० उजाडलं.

इथे एक अतिशय उपयोगी साधन हाती येतं: शाळेची रोजनिशी. १८६२ पासून सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळांच्या मुख्याध्यापकांना ती ठेवावी लागे. अनुदान हजेरीवर आणि परीक्षेच्या निकालावर ठरायचं, त्यामुळे हजेरी घटली की मास्तर कारण लिहिणारच. फेन्समधल्या अशा वह्यांत वर्षाचं चक्रच उमटलेलं दिसतं. वसंतात पाखरं राखायला पोरं शेतावर. जूनमध्ये विस्बीचकडे स्ट्रॉबेरी तोडणी. कापणीनंतर आयांबरोबर सरवा वेचणं. ऑक्टोबरात बटाटे, आणि मुलं अशीही येणार नाहीत म्हणून सुट्टीच त्या वेळी. मधूनमधून गोवर, वाटेवर पाणी, आणि बूट नाहीत म्हणून घरी राहिलेलं एखादं मूल. शेतांच्या मधून जाणाऱ्या त्या कच्च्या वाटा हिवाळ्यात अशा भिजायच्या की काळा चिखल घोट्याच्या वर यायचा. बूट नसणं म्हणजे शाळा नसणं.

वही मात्र मास्तरांच्या बाजूने बोलते. हजेरी बुडाली ही त्यांची तक्रार. त्याच दिवसाची मुलाची आठवण शोधली तर चित्र पालटतं, आणि याचं उत्तम उदाहरण म्हणजे बर्फ. पुराचं पाणी मुद्दाम सोडलेल्या पट्ट्यांवर ते उथळ साचायचं आणि कडाका पडला की त्याची मैलभर लांब काच व्हायची. जमीन गोठली म्हणजे शेतीचं काम बंद, मजुरी बंद, घरात चूल पेटायची पंचाईत. अशा वेळी गावोगाव स्केटिंगच्या शर्यती लागायच्या आणि बक्षीस म्हणून रोख रकमेबरोबर मांस किंवा पीठही असायचं. लाकडी तळव्यात लोखंडी पातं बसवलेले स्केट बुटाला चामड्याच्या पट्ट्याने आवळायचे आणि निघायचं. वेलनी गावच्या स्मार्ट घराण्यातले शेतमजूर इथूनच साऱ्या इंग्लंडचे विजेते झाले: आधी टर्की स्मार्ट, मग त्याचा पुतण्या फिश स्मार्ट, जो १८७८ पासून दशकभर जवळजवळ अजिंक्य होता. १८७९ मध्ये देशाची स्केटिंग संघटना लंडनमध्ये स्थापन झाली नाही, केंब्रिजमध्ये झाली, ती याच लोकांमुळे. तेव्हा रोजनिशीत ‘हजेरी फार कमी’ एवढंच लिहिलेला जानेवारीचा दिवस एखाद्या मुलाच्या आयुष्यातला सर्वात आनंदाचा असू शकतो, आणि त्याच दिवशी त्याचा बाप मांसाच्या तुकड्यासाठी जिवाच्या आकांताने धावत असू शकतो. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

सणही असेच पोटाशी बांधलेले. जानेवारीत नांगरणी सुरू होण्याच्या सुमारास व्हिटलसीमध्ये एका गड्याला डोक्यापासून पायापर्यंत पेंढ्याने मढवून, अस्वल म्हणून नाचवत दारोदार न्यायचे आणि पैसे, खाणं, बिअर मागायचे. ही भीक आहे असं ठरवून १९०९ च्या सुमारास पोलिसांनी ते बंद पाडलं. लहानपणी अस्वल पाहिलेली माणसं शिल्लक होती, म्हणूनच १९८० मध्ये ते पुन्हा सुरू करता आलं.

पुराच्या आठवणी वाचताना थोडी सावधगिरी लागते. फेन्समध्ये सांगितले जाणारे दोन मोठे पूर एकमेकांपासून जेमतेम सहा वर्षांवर आहेत, त्यामुळे सांगताना ते एकात एक मिसळू शकतात. पण दोन्हींची जात वेगळी. मार्च १९४७ चा पूर नद्यांचा. महिनोन्‌महिने साचलेला बर्फ एकदम वितळला, खालची जमीन गोठलेली असल्यामुळे पाणी मुरेना, आणि १६ मार्चच्या वादळी वाऱ्याने काठोकाठ भरलेल्या नद्यांचे बांध फोडले. सैनिक, गावकरी आणि अजून मायदेशी न गेलेले जर्मन युद्धकैदी खांद्याला खांदा लावून वाळूची पोती रचत होते. १९५३ चा पूर समुद्राचा. ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्र वादळाने फुगला आणि किनाऱ्यावर चढला. इंग्लंडमध्ये ३०७ माणसं गेली, त्यांत किंग्ज लिन आणि हंस्टंटनकडची बरीच. म्हणून आठवणीत बांधावरची पोती, दिवसाउजेडी हळूहळू चढणारं पाणी आणि वितळता बर्फ असेल तर ते १९४७. रात्रीचा लोंढा असेल, नंतर खाऱ्या झालेल्या शेतात जिप्सम टाकलेलं आठवत असेल, तर १९५३. सांगणाऱ्याने साल चुकवलं तरी पाण्याची चव बहुधा चुकत नाही.

पहिल्या पुरानंतर डेन्व्हरजवळ नवे कालवे खणले गेले आणि १९६४ मध्ये ते पुरे झाले. आज फेन्स इतके कोरडे आहेत की इंग्लंडच्या पहिल्या प्रतीच्या शेतजमिनीपैकी जवळजवळ निम्मी इथे आहे. पण पीट अजूनही खचतंय, वर्षाला सुमारे एक-दोन सेंटिमीटर. नांगराला लागून वर येणारे काळे ओकचे बुंधे हे त्याचंच लक्षण. पाच हजार वर्षं ते पीटमध्ये गाडलेले होते. अशाच एका बुंध्याचं तेरा मीटर लांबीचं टेबल २०२२ मध्ये ईलीच्या कॅथीड्रलमध्ये मांडलं गेलं. व्हिटलसीजवळ मस्ट फार्म इथे तर सुमारे २,८५० वर्षांपूर्वी पाण्यावर खांब रोवून बांधलेली आणि आगीत कोसळलेली घरं सापडली, भांड्यात अन्न तसंच. ओल होती म्हणून ते टिकलं. जिथे उपसा चालू आहे, तिथे असं जे काही अजून खाली असेल ते कुजत असणार.

म्हणूनच काही ठिकाणी आता उलटं काम चाललं आहे. विकेन फेनचा पहिला तुकडा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने १८९९ मध्ये विकत घेतला. १९१० मध्ये वुडवॉल्टन फेन घेतलं चार्ल्स रॉथ्सचाइल्ड यांनी. हे गृहस्थ पिसवांचे मोठे अभ्यासक. ज्या उंदराच्या पिसूचं शास्त्रीय वर्णन त्यांनी १९०३ मध्ये केलं, तीच प्लेग पसरवते हे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेतल्या संशोधनातून सिद्ध झालं. वुडवॉल्टन आणि होल्म फेन यांच्या मधली शेतं २००१ पासून ग्रेट फेन या प्रकल्पात एकेक करून पुन्हा ओली केली जात आहेत. तिथल्या शेतकऱ्यांना हे सोपं नाही. ज्यांच्या पणजोबांनी चर खणले त्यांना ते बुजवायला सांगणं हे मोठं मागणं आहे, आणि अन्न कुठून येणार हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. तरी पीट संपल्यावर खालच्या चिकणमातीत काय पिकवायचं, हा प्रश्न त्यांच्यासमोर आहेच. काही शेतांत ती वर दिसायलाही लागली आहे.

भाजीच्या शेतात आणि पॅकिंगच्या शेडमध्ये आज जे हात राबतात ते बरेचसे लिथुएनिया, पोलंड, लाटव्हिया इथून आलेल्यांचे. विस्बीच आणि लिंकनशरमधल्या बॉस्टनच्या शाळांत त्यांची मुलं आहेत. २००४ च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर मोरकँब बे इथे भरतीच्या पाण्यात शिंपल्या वेचणारे चिनी मजूर बुडाले, आणि त्याच वर्षी संसदेने मजुरांचे मुकादम परवान्याखाली आणणारा कायदा केला, १८६७ नंतर पुन्हा एकदा. फेन्सच्या गावांतल्या आठवणी गोळा करणाऱ्यांनी आता या मुलांच्या आयांकडेही जायला हवं: पहाटे किती वाजता व्हॅन येते, मूल कुणाकडे ठेवता, शेतात उभं राहिलं की नदी कुठे दिसते.